जिंकलेल्या पानिपतात कोण हरलं?

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीजवळच्या एका गावात शिक्षक आहे. गेल्या नऊ वर्षांत तीन कादंबऱ्या लिहून स्वखर्चानं छापल्या. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी माझ्या गोष्टीत चुकते आणि लढाई आपण जिंकतो. तिथून निघून तिसरी कादंबरी १७७२पर्यंत येते. चौथी सुरू केली आहे, पण अडली आहे. मध्येच एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी याच जगातली एक कथा मागितली. मी हौसेनं पाच लिहिल्या. मित्र म्हणतो, या कथा नाहीत, कादंबरीतून गाळलेली प्रकरणं आहेत. बायको म्हणते, कादंबऱ्या न वाचलेल्याला यातलं काही कळणार नाही. शिवाय माझा एक जुना विद्यार्थी विचारतोय, "सर, मी तुमच्या जगात एक गोष्ट लिहू का?" कथा छापल्या तर पुढच्या कादंबरीचे हात बांधले जातील, ही भीती वेगळीच. पाचही कथा सोबत पाठवतो. खरं खरं सांगा.

— एक लेखक, सांगली जिल्हा

उत्तर :

नमस्कार.

पाचही कथा दोनदा वाचल्या. तुमच्या मित्राचं बरोबर आहे, आणि इतकं स्पष्ट सांगणारा मित्र मिळाला हे तुमचं भाग्य आहे. पहिल्या तीन कथा म्हणजे मोहिमा आहेत. लाहोरची छावणी, रोहिलखंडाची वसुली, अटकेपलीकडची चाल. आठ पानांत चार सरदार, दोन किल्ले, तीन खलिते. तुमचा अभ्यास दांडगा आहे हे ओळीओळीतून दिसतं, पण वाचून झाल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नकाशा उरला, एकाही माणसाचा चेहरा उरला नाही.

असं का होतं ते सांगते. कादंबरीत तुम्ही एक गोळी हलवलीत आणि मग तिच्यामागून जे जे हलेल त्याचा पाठलाग केलात. दिल्ली कोणाची, वजीर कोण, इंग्रजांचं काय झालं. हे कादंबरीचंच काम, तिच्याकडे तेवढी पानं असतात. कथा लिहायला बसलात तेव्हाही तुम्ही तोच पाठलाग चालू ठेवलात, म्हणून कथा कादंबरीच्या शेपटासारख्या झाल्या. कथेसाठी उलटीकडून विचारा. पानिपत जिंकल्यामुळे कोणाचं आयुष्य निसटलं?

राणेखानाचं उदाहरण घ्या. तो भिस्ती, पखालीतून पाणी वाहणारा. खऱ्या पानिपतात महादजी शिंदे पायावर घाव घेऊन पडले होते. त्यानं त्यांना उचललं, बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे आणलं. महादजींनी त्याला आयुष्यभर भाई म्हटलं, फौजा दिल्या, सरदार केलं. आता तुमच्या जगात या. महादजींचा पाय शाबूत आहे. जनकोजी शिंदे जिवंत आहेत, म्हणजे शिंद्यांची सरदारी त्यांच्याकडेच आहे आणि महादजी घरातले एक पराक्रमी, पण बाजूचे पुरुष आहेत. आणि राणेखान? तो विजयाच्या संध्याकाळी पखाल भरतोय. समोरून महादजी घोड्यावरून जातात. दोघांची नजरानजर होते की नाही, हे तुम्ही ठरवा. दोघांनाही कळत नाही की आपल्यात काही व्हायचं होतं. वाचकाला कळतं. ही कथा सहा पानांची आहे, तिला एकही खलिता लागत नाही, आणि ज्यानं तुमची एकही कादंबरी वाचलेली नाही त्यालाही ती कळेल, कारण ती त्याला माहीत असलेल्या पानिपतावर उभी आहे. तुमच्या पत्नीच्या शंकेचं उत्तर यात आहे. तुमचं जग वाचकाला ठाऊक नसेल, खरं जग आहे. कथेची एक टोकाची खुंटी त्या खऱ्या जगात ठोका.

अशी माणसं खूप आहेत, आणि मला स्वतःला ती फार ओढून घेतात. नाना फडणीस अठरा वर्षांचे होते. तीर्थयात्रा घडेल म्हणून आईला आणि बायकोला घेऊन ते भाऊंच्या फौजेबरोबर गेले. पळापळीत आई हातची गेली. त्यांनी पुढे स्वतःच आपल्या आयुष्याची हकिगत लिहिली, तीत त्या दिवसाचं वर्णन आहे. अंगावरच्या कपड्यानिशी, जीव मुठीत धरून पळणारा पोरगा. नंतरचा सावध, कोणावर सहजी विश्वास न टाकणारा, कागदाचा एकेक कपटा जपणारा नाना त्या दिवसातून आला असेल, असं मला नेहमी वाटतं. तुमच्या जगात त्यांची आई काशीहून गंगेची कावड घेऊन पुण्याला परत येते. घरात समाराधना होते. मुलगा फडावर जातो, हिशेब लिहितो, संध्याकाळी आईपाशी बसतो. सुखी माणूस. मग तो नाना फडणीस होतो का? तुमच्या दुसऱ्या कादंबरीत नाना नेहमीच्याच धूर्तपणानं वावरतात, कारण आपल्याला ते तसेच माहीत आहेत. तुम्ही गोळी हलवलीत, पण नानांचा स्वभाव जुन्याच पानिपतातला ठेवलात. कथा लिहिलीत तर ही चूक तुमच्या लक्षात येईल आणि चौथ्या कादंबरीत सुधारता येईल. कथांमुळे कादंबरीचे हात बांधले जातात असं तुम्ही म्हणता. मला तर दिसतंय की तुमची कादंबरी अडलीय ती नेमकी अशा न लिहिलेल्या कथांपाशी.

आणि माधवराव. थोरले माधवराव हे नाव घेताना आपला आवाज बदलतो. पण ते पेशवे झाले ते मोठा भाऊ पानिपतावर पडला आणि त्या धक्क्यानं पाच महिन्यांत, २३ जून १७६१ रोजी, वडील पर्वतीवर वारले म्हणून. वय वर्षं सोळा. विश्वासराव जिवंत असतील तर माधवराव धाकटे बंधू. त्यांच्या अंगातली ती धमक, ती शिस्त, तो संताप कुठे जातो? आणखी एक गोष्ट, पानिपत जिंकल्यानं क्षय टळत नाही. खऱ्या इतिहासात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला त्यांचा शेवट झाला. तुमची तिसरी कादंबरी त्याच वर्षापाशी थांबते आणि तुम्ही माधवरावांना एका वाक्यात "प्रकृती नाजूक" म्हणून सोडून दिलंत. थेऊरच्या वाड्यात एक सत्तावीस वर्षांचा माणूस खोकतोय, त्यानं कधी राज्य केलेलं नाही, बाहेर भावाच्या नावाच्या नौबती वाजतायत, आणि रमाबाई त्याच्या उशाशी बसल्यात. हे तुम्ही नाही लिहिलंत तर कोण लिहिणार?

पण मला सगळ्यांत जास्त वाट आहे ती तोतयाच्या गोष्टीची. पानिपतानंतर काही वर्षांनी सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा एक माणूस निघाला. लोकांनी त्याला मानलं. कैदेतून सुटल्यावर कोकणात त्याच्याभोवती हजारोंची फौज जमली, आणि शेवटी १७७६मध्ये त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर भाऊ गेले हे अखेरपर्यंत मानलं नाही. तुम्ही आज 'असं झालं असतं तर' लिहिताय. महाराष्ट्रानं ते लढाईनंतर दहा-पंधरा वर्षांच्या आत रस्त्यावर जगून दाखवलंय. ते बंड म्हणजे वेड्या आशेतून उभी राहिलेली पर्यायी इतिहासाची कादंबरीच होती, फक्त तीत माणसं खरी मेली. आता तुमच्या जगात भाऊ पुण्यात धडधाकट आहेत. तोतयाची गरजच नाही. मग तो माणूस कुठे आहे? बुंदेलखंडाकडच्या एखाद्या गावात एक गरीब ब्राह्मण आहे, त्याचा चेहरामोहरा कोणासारखा तरी दिसतो. एक दिवस पुण्याहून काशीला निघालेली मंडळी त्याच्या ओसरीवर टेकतात. त्यातली एक बाई त्याच्याकडे टक लावून पाहते आणि म्हणते, "अगदी भाऊसाहेबांसारखे दिसता हो." तो हसतो. पाणी आणून देतो. मंडळी निघून जातात. तो कितीतरी वेळ दारात उभा राहतो. पुढचं मला सांगायचं नाही, ते तुमचं आहे.

इथे एक पथ्य पाळा. तुमच्या कथांमधली माणसं सारखी म्हणत राहतात, "त्या दिवशी गोळी लागली असती तर काय झालं असतं!" पाच कथांत मी अशी सात वाक्यं मोजली. त्यांना असं वाटायचं कारण नाही. त्यांच्यासाठी ते 'तर'चं जग नाही, तेच एक जग आहे. जिंकलेली लढाई माणसं दोन वर्षांत विसरतात आणि पिकापाण्याचं बोलायला लागतात. 'जर' फक्त वाचकाच्या मनात असतो, आणि तो तिथेच राहू द्यावा. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये हा 'जर' उघड केला, कारण त्यांचे गंगाधरपंत आपल्या जगातून तिकडे गेले होते. त्यांना फरक दिसणं हीच गोष्ट होती. विश्वासरावांना चुकलेली गोळी म्हटलं की मराठी वाचकाला ती कथा आठवणारच, म्हणून तुम्ही तिच्यापासून जाणूनबुजून लांब राहा. तुमच्या जगात बाहेरून आलेलं कोणी नाही.

मग न सांगता सांगायचं कसं? तुमच्या चौथ्या कथेत ते तुम्हाला नकळत साधलंय. जासूद शनिवारवाड्याकडे धावतो तेव्हा वाटेत एक कासार दिसतो, पेटारी आवरत बसलेला. दोनच ओळी आहेत. मी तिथे थांबले. पानिपत म्हटलं की लाख बांगडी फुटली हे आपल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आणि इथे एक कासार बसलाय. मी माझ्या वहीत त्या दोन ओळींच्या पुढे असं लिहून पाहिलं :

"फाल्गुन लागला तरी कासाराला उसंत नव्हती. पेटारीतलं गवत बाजूला सारून तो हिरव्या बांगड्यांचे तुरे काढी, दारात बसलेल्या बाईचा हात हातात घेई, अंगठ्यानं तळवा दाबून मऊ करी. 'उत्तरेहून कधी येणार घरचे?' 'चैत्रात म्हणतात.' 'मग घट्ट नको भरायला. आल्यावर परत बोलवाल.' बाई लाजली. संध्याकाळी त्यानं मोजलं, तर पेटारीत फक्त लहान मुलींच्या मापाच्या उरल्या होत्या."

यात पानिपत हा शब्द नाही. लढाई नाही. पण मराठी वाचकाच्या पोटात कालवतं, कारण खऱ्या फाल्गुनात पुण्यात काय चाललं असेल ते त्याला माहीत आहे. हे जसंच्या तसं वापरू नका, तुमच्या हातानं लिहा. चौथ्या कथेतला जासूद, वाडा, खलिता सगळं बाजूला ठेवा आणि त्या पेटारीपासून सुरुवात करा.

याच कथेत दुसरीकडे तुम्ही कासारालाही मागे टाकेल अशी संधी हातची घालवलीत. १७६९ साली तुमचा एक कारकून म्हणतो, "त्याचं तर पानिपत झालं." अहो, त्या जगात या शब्दाचा अर्थ काय होईल? तिथे पानिपत होणं म्हणजे दैव फळफळणं. मुलाचं लग्न चांगल्या घरात जमलं तर आजी म्हणेल, पोराचं पानिपत झालं! 'विश्वास तर पानिपतातच गेला' हे वाक्य त्या मराठीत जन्मालाच येणार नाही. भाऊगर्दी हा शब्दही त्या रणधुमाळीतूनच आल्याचं सांगतात, मग तो तिथे कसा असेल? आणि १७७३ साली नारायणरावांचा खून झाला नसेल तर 'ध चा मा' करणंही नाही. आपल्या भाषेच्या अंगावर त्या पराभवाचे किती वळ आहेत ते बघा. कादंबरीत हे एखाद्या संवादात निसटून जाईल. कथेत एक उलटा झालेला वाक्प्रचार अख्ख्या जगाची साक्ष देतो. यासाठी वेगळी वही करा आणि १७६१नंतर मराठीत आलेला प्रत्येक शब्द, म्हण, शिवी तीत लिहून ठेवा.

तपशिलांबद्दल थोडं. पाचव्या कथेत लढाईच्या सकाळी छावणीत तिळगूळ वाटतात. संक्रांत आणि १४ जानेवारी ही सांगड आपल्या कालखंडाची आहे. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे होती, म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत तीन-चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. आणि तिळगूळ कुठून आणणार? छावणी उपाशी होती. वाटा तुटल्या होत्या, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते, रसद येत नव्हती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून ते बाहेर पडले. हे लक्षात ठेवलंत तर एक प्रश्न आपोआप समोर येतो. जिंकल्याच्या रात्री ते काय जेवले? विजयानं धान्य पिकत नाही. अब्दालीच्या तळावरच्या चुलींवर काय शिजत होतं, ते कोणाच्या हाताला लागलं, बुणग्यांपर्यंत काही पोहोचलं का? फौजेबरोबर यात्रेला गेलेल्या, पोरंबाळं कडेवर असलेल्या बायांपर्यंत? मला वाटतं तुमच्या पाचव्या कथेची सुरुवात तिथून व्हावी.

बातमी किती वेगानं जाते हेही सांभाळा. नानासाहेबांना पराभव कळला तो भेलशाजवळ, सावकाराच्या जासुदाकडच्या पत्रातून, लढाईनंतर दहाव्या दिवशी. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्द्याची गणती नाही, अशा सांकेतिक भाषेत. तुमच्या कथेत विजयाची बातमी तिसऱ्या दिवशी पुण्यात आहे. माझं ऐका, उशीर हा कथाकाराचा सखा आहे. मधले दहा दिवस हीच एक कथा होऊ शकते. सावकाराची पेढी, त्याच मोती-मोहरांच्या भाषेत लिहिलेली आनंदाची चिठ्ठी, आणि ती कोणाला आधी दाखवावी याचा हिशेब करणारा मुनीम, कारण बातमी आणि बाजारभाव यांचं नातं तेव्हाही होतं.

एक अवघड गोष्ट मात्र तुम्ही कुठेच ठरवलेली दिसत नाही. गोळी चुकल्यानंतर जन्मलेली माणसं. तुमच्या तिसऱ्या कथेत सवाई माधवरावांचा उल्लेख भविष्यातला पेशवा म्हणून आलाय. खऱ्या इतिहासात त्यांचा जन्म १८ एप्रिल १७७४चा, वडिलांच्या खुनानंतरचा. तुमच्या जगात नारायणराव पेशवे झालेच नाहीत, त्यांचा खून झाला नाही, कदाचित लग्नही वेगळ्या घरात झालं असेल. मग तेच मूल, त्याच दिवशी, त्याच नावाचं कसं जन्मेल? कठोर नियम असा की फरक पडल्यानंतर गर्भात आलेला कोणीही त्या जगात नाही, सगळे नवे. सैल नियम असा की ओळखीची नावं येतील, पण माणसं वेगळी. मला कठोर नियम जास्त प्रामाणिक वाटतो. पण वाचकाला ओळखीची नावं हवी असतात हेही खरं, आणि त्यात काही पाप नाही. कोणताही घ्या, पण एकच घ्या आणि कादंबऱ्या, कथा, सगळीकडे तोच पाळा.

पलीकडच्या बाजूबद्दलही बोलायलाच हवं, कारण पाचही कथांत अब्दालीचा एकही माणूस तोंड उघडत नाही, नुसते पळतात नाहीतर मरतात. तुम्ही जिंकवलंत म्हणजे तिकडे कोणीतरी हरलं. कंदाहारकडचा एखादा पोर, थंडीत जन्मल्यामुळे पानिपतची थंडी ज्याला काहीच वाटत नव्हती, आता यमुनेकाठी भाषा न कळणाऱ्या लोकांत अडकलाय. रोहिल्यांच्या गावांत बायका वाट बघतायत. लाख बांगडी कुठेतरी फुटणारच होती, तुम्ही ती तिकडे नेलीत. अब्दालीच्या बाजूनं लढलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाच्या पदरी काशीराज पंडित होता, मूळचा इकडचाच, त्यानं खऱ्या लढाईचं वर्णन फारसीत लिहून ठेवलंय. हरलेल्या शुजाच्या पदरी राहून तो काय लिहील? आणि सूरजमल जाट. भाऊंशी न पटून तो बाजूला झाला होता, तरी पानिपतातून नागडी-उघडी परतणारी आपली माणसं त्यानं आसरा देऊन, खाऊपिऊ घालून वाटेला लावली. जिंकलेल्या जगात त्याला हा मोठेपणा दाखवायची वेळच येत नाही. तो फक्त लढाईच्या आधी निघून गेलेला माणूस ठरतो. तुमच्या पहिल्या कादंबरीत त्याला दगाबाज म्हटलंय. तुमच्या जगातल्या लोकांनी तसं म्हणणं मी समजू शकते. पण तुम्हाला दुसरी बाजू माहीत आहे. ती मनात ठेवून त्याची एक कथा लिहा, हे मी आग्रहानं सांगते.

आता तुमची भीती. हात बांधले जातील हे खरं, थोडे बांधलेच पाहिजेत. छापलेली ओळ ही छापलेली ओळ, मग ती दिवाळी अंकातली असो की कादंबरीतली. पण कथेत मोठे खांब हलवू नका. भाऊंचा मृत्यू, पेशवाईचा बदल, इंग्रजांशी निर्णायक लढाई, हे कादंबरीचं. अंक ज्याच्या हाती पडला नाही त्या वाचकाला चौथ्या कादंबरीत एकदम कळायला नको की भाऊ मधल्या दिवाळीत वारले. कथेत राणेखान, कासार, मुनीम. त्यांचं काहीही होवो, तुमचा नकाशा हलत नाही. वर सांगितलेल्या शब्दांच्या वहीशेजारी माणसांची एक वही ठेवा. नाव, जन्म, कुठल्या साली कुठे, कोणाला काय माहीत आहे. शक आणि इसवी सन दोन्ही लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तिसऱ्या कादंबरीत इब्राहिमखान गारदी एकाच महिन्यात पुण्यात आणि लाहोरात आहे, म्हणून सांगते.

विद्यार्थ्याला हो म्हणा. तिकडे अमेरिकेत एरिक फ्लिंट यांची '१६३२' नावाची कादंबरी २०००मध्ये आली. वेस्ट व्हर्जिनियातलं एक छोटं खाणगाव उचलून १६३१च्या जर्मनीत, तीस वर्षांच्या युद्धात जाऊन पडतं. वाचकांना त्या गावात लिहावंसं वाटलं. फ्लिंट यांनी दार लावून घेतलं नाही. त्या जगातल्या कथांचं नियतकालिक सुरू झालं, त्याचे शंभरहून जास्त अंक निघाले, आणि त्या कथा मुख्य गोष्टीचाच भाग मानल्या गेल्या. नवखे लेखक तिथे तयार झाले. पण ती मोकळीक नव्हती. गावात कोण कोण राहतं याची यादी होती, तिच्यातूनच माणसं घ्यायची. कुठलं तंत्रज्ञान त्या काळात खरंच उभं राहू शकेल यावर कडाक्याची चर्चा व्हायची. संपादक होते. तुमच्याकडे दोन वह्या आहेत, त्या विद्यार्थ्याच्या हाती द्या आणि सांगा, यातली मोठी माणसं मारायची नाहीत, बाकी गाव तुझं. त्याला तुमच्या जगात असं काही दिसेल जे तुम्हाला नऊ वर्षांत दिसलं नाही. कोणी सांगावं, त्याचं एखादं पात्र उद्या तुमच्या कादंबरीत येऊन बसेल. तसं झालं तर त्याचं नाव छापायला विसरू नका.

फक्त एक कागद करा. माझी पहिली कथा एका अंकात आली तेव्हा मी कशावर सही करतेय ते वाचलंच नाही, आणि संग्रह काढायच्या वेळी माझ्याच कथेसाठी परवानगी मागत फिरले. फार अपमान वाटला होता. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. संपादकांना एकदाच छापण्याचा हक्क द्या, संग्रहाचा आपल्याकडे ठेवा, आणि विद्यार्थ्याशीही, तो कितीही आपला असला तरी, दोन ओळी लिहून घ्या. कथा त्याची, जग तुमचं, पुस्तक निघालं तर काय. नातं टिकावं म्हणून कागद करायचा असतो.

अंकाचं साहित्य जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात, म्हणजे तुमच्याकडे फार दिवस नाहीत. पाचही कथा पाठवू नका. कासाराची पाठवा. पहिला खर्डा झाला की सुरुवातीची दीड-दोन पानं काढून टाका, तिथे तुम्ही हमखास पानिपत समजावून सांगितलेलं असेल. मग तो पत्नीला वाचायला द्या, काही न सांगता. बाई "चैत्रात म्हणतात" म्हणते त्या जागी त्या थांबल्या, तर अंकाला पाठवा. नाही थांबल्या तर मला पाठवा, आपण दोघं मिळून बघू. आणि तोतयाची कथा कधी लिहायला घेताय तेही कळवा.